आज चालतं ते नाव

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयामागं एक लहान खोली आहे. तिला खिडकी आहे, पण खिडकीला लागूनच लोखंडी कपाट उभं केलंय, त्यामुळे भर दुपारीही ट्यूबलाइट लावून बसावं लागतं. कमवा आणि शिका योजनेत मला त्या खोलीतलं काम मिळालं. बाकीच्या मुली झाडांना पाणी घालायच्या, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायच्या. मला कॉम्प्युटर मिळाला म्हणून त्या मला नशीबवान म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटरवर बसती." काय करते ते त्यांना सांगता येत नसे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही येत नसे.

काम असं होतं. कॉलेज सुरू झाल्यापासून निघालेले वार्षिक अंक, प्राध्यापकांचे लेख, विद्यार्थ्यांचे प्रबंध, आणि जिल्ह्यातल्या लोकांनी लिहिलेली जी पुस्तकं ग्रंथालयात आहेत ती, या सगळ्यांची एक सूची कॉम्प्युटरवर करायची होती. तपासणी समिती येणार होती आणि तिला ती सूची दाखवायची होती. नोंदी आधीच्या कुणीतरी भराभर भरून ठेवल्या होत्या. माझ्याकडं आलं ते लेखकांची नावं सरळ करायचं काम.

नावं म्हणजे नुसता गुंता होता. एकाच माणसाचं नाव एका लेखावर आडनावापासून सुरू व्हायचं, दुसऱ्यावर नावापासून, तिसऱ्यावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. कॉम्प्युटरला ती तीन माणसं वाटायची. भरणाऱ्यानं 'प्रा.', 'डॉ.' ही बिरुदंही नावातच टाकली होती, त्यामुळे अर्धं कॉलेज 'प' खाली गोळा झालं होतं. लिहिणाऱ्या सगळ्या बायका 'स' खाली होत्या, कारण त्यांच्या नावाआधी 'सौ.' होतं. उलटंही झालं होतं. येलदरीच्या धरणातल्या माशांवर लिहिणारे एक आणि अभंगांवर लिहिणारे एक, दोघांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सारखं. कॉम्प्युटरनं त्यांचा एकच माणूस करून टाकला होता. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी ती यादी पाहिली आणि म्हणाल्या, "ह्या गृहस्थांची मोठी साधना आहे. सकाळी जाळं, संध्याकाळी टाळ."

मॅडमनी मला पद्धत शिकवली. प्रत्येक माणसाचं एकच मान्य नाव ठरवायचं. त्या माणसाची बाकीची सगळी नावं त्या नावाकडं बोट दाखवतील. म्हणजे कुणी जुन्या नावानं शोधलं तर कॉम्प्युटर म्हणेल, अमुक पाहा. आणि दोन वेगळी माणसं एकाच नावाची असली, तर कुणाचंही नाव काढायचं नाही. दोघांपुढं त्यांचं गाव किंवा विषय लिहायचा. नाव तेच ठेवून दोघं वेगळे. मला ही पद्धत मनापासून आवडली. माशांचे सर आणि अभंगांचे सर मी वेगळे केले, त्या दिवशी दोन माणसांना आपापलं घर मिळवून दिल्यासारखं वाटलं.

मान्य नाव कोणतं धरायचं, याचा मॅडमचा नियम सोपा होता. आज जे नाव चालतं ते.

पुरुषांच्या बाबतीत हा नियम लागलाच नाही, कारण त्यांची नावं मागंपुढं झाली तरी तीच राहतात. बायकांपाशी आले आणि माझं काम थांबलं. आमच्याकडं लग्नात मुलीचं बापाचं नाव जातं, आडनाव जातं, आणि पुष्कळ घरांत तिचं स्वतःचं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. म्हणजे आधीच्या नावातलं एक अक्षरसुद्धा पुढं येत नाही. बी.ए.ला असताना कविता लिहिणारी मुलगी आणि नंतर तालुक्याच्या शाळेत शिकवताना लेख लिहिणारी बाई एकच आहे, हे कोणत्याही कॉम्प्युटरला कळणार नाही. मला तरी कसं कळावं?

"घरी फोन करून विचार," मॅडम म्हणाल्या. "प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचे नंबर असतात."

मी फोन करू लागले. पहिलाच फोन एका भावानं उचलला.

"आपल्या बहिणीचा लेख आमच्या वार्षिकात छापलेला आहे," मी म्हणाले. "त्यांचं आताचं नाव पाहिजे होतं."

"कशाला?"

"नोंदीसाठी."

"कसली नोंद? तू कोण हायेस? नवऱ्याकडच्यांनी फोन करायला लावला का तुला? सांग त्यांना, आमी कोर्टात बघून घेऊ."

मी घाबरून फोन ठेवला. नंतर दोन दिवस त्या नंबरवरून फोन येत होते आणि मी उचलत नव्हते.

दुसऱ्या एका घरी मुलीच्या वडिलांनी फोन घेतला. बिचारे फार अदबीनं बोलले. लेख छापला होता हे त्यांना माहीतच नव्हतं. ऐकून खूश झाले. पण मुलीचं सासरचं नाव विचारलं तेव्हा अडखळले. फोन कानापासून लांब न करताच त्यांनी आत विचारलं, "अगं ए, आपल्या पोरीचं तिकडं काय नाव ठेवलंय गं?"

आतून आवाज आला, "मला काय ठावं? तुमीच होतात की तांदळापाशी."

"मी पंगतीकडं होतो."

"मग पंगतीला विचारा."

ते परत माझ्याशी बोलू लागले. "बाई, आमी तर तिला ताईच म्हणतो. तू ताई लिही ना."

मी हसत हसत मॅडमना हे सांगितलं. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "आताचं नाव अज्ञात, असं लिही आणि पुढं जा." मी तसं लिहिलं. त्या मुलीनं मूग झोडपायच्या दिवसांवर फार चांगलं लिहिलं होतं. शेंगांची धूळ नाकात गेल्यासारखं वाटत होतं वाचताना.

तेव्हा मी हसू शकले, कारण माझं लग्न ठरलेलं नव्हतं.

ते ठरलं उन्हाळ्यात. आमचं गाव ताडकळसच्या जवळ, स्थळ पालमचं. सासऱ्यांचं तिथं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. थोरले चिरंजीव दुकान बघतात, धाकटे, म्हणजे ज्यांच्याशी माझं ठरत होतं ते, पुण्याकडं एका कंपनीत आहेत. एम.ए. पूर्ण करू देऊ, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. अण्णांना आणखी काय पाहिजे होतं? मलाही नकार द्यायला कारण नव्हतं. माणसं बरी होती. अजूनही बरी आहेत, हे मी इथंच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना कुणाला वेगळं वाटू नये.

सुपारी फुटली त्या दिवशी मी चहा घेऊन आले तेव्हा होणाऱ्या सासूबाई म्हणत होत्या, "पोरगी पसंत हाय. फक्त नाव बदलावं लागंल बघा."

"ते तर बदलतंच की," माझी चुलती म्हणाली.

"तसं न्हाई. आमच्या मोठ्या सुनेचंबी हेच नाव हाय. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? मी हाक मारली की दोघी पळत येतील, न्हाई तर एकबी यायची न्हाई."

सगळे हसले. ट्रे हातात होता, मीही हसले. मनात आलं, की यावर उपाय असतो, दोघींपुढं गाव लिहायचं. पण हे चहा देताना बोलण्यासारखं नव्हतं.

खरी अडचण पुढं झाली. ताडकळसच्या आठवडी बाजारात बायका भाव करताना कसं बोलतात, यावर मी एक लेख लिहिला होता. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक सर आहेत, त्यांनी तो दोनदा दुरुस्त करायला लावला आणि एका संशोधन पत्रिकेकडं पाठवला. तो घेतला, असं पत्रिकेनं कळवलं. मी ते विभागाच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि पुन्हा वर जाऊन सरांना दाखवलं. सर म्हणाले, "आता पीएचडीचा रस्ता मोकळा. पहिला लेख महत्त्वाचा असतो." मग त्यांनी विचारलं, "लग्न कधीचं आहे?"

"तुळशीच्या लग्नानंतर."

"आणि अंक दिवाळीनंतर निघणार. मग लेखावर नवीनच नाव दे. उगाच पुढं एक लेख एका नावाचा, बाकीचे दुसऱ्या नावाचे, असा घोळ नको. मुलाखतीत विचारतात, हा लेख तुमचाच कशावरून. त्यापेक्षा पहिल्यापासून एकच नाव."

पत्रिकेचा फॉर्म माझ्याकडं आला होता. लेखकाचं नाव, जसं छापायचं तसं, असा एक रकाना होता. आठ दिवसांत परत पाठवायचा होता.

मी मॅडमकडं गेले. मला वाटलं होतं की त्या वेगळं सांगतील. त्यांनी खुर्ची मागं सारली.

"सर बरोबर सांगतात," त्या म्हणाल्या. "माझे लग्नाआधीचे लेख आहेत, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांची नोंद स्वतः सरळ केली होती आणि तिथं तसं काही नव्हतं.

"पदोन्नतीच्या वेळी ते लेख मी दाखवले. तर म्हणाले, नाव बदलल्याचं राजपत्र आणा, प्रतिज्ञापत्र आणा. मी म्हणलं जाऊ द्या, आणि ते लेख सोडून दिले. तू तसं करू नको. एक नाव धर आणि तेच शेवटपर्यंत ने. आणि शेवटपर्यंत जे राहणार आहे तेच धरावं लागतं ना, बाळ?"

हे सगळं मीच महिनोन्महिने करत होते. एक माणूस, एक नाव, आणि आज चालतं तेच खरं. त्या नियमात मला कुठंच चूक दिसत नव्हती. फक्त आता रकान्यात मी होते. मान्य नाव म्हणून जे लिहायचं होतं, त्या नावानं मला आजपर्यंत कुणी हाकसुद्धा मारली नव्हती. ते नाव सासरच्यांनी ठरवलं होतं आणि मला व्हॉट्सॲपवर कळलं होतं, पुढं दोन फुलं लावून.

परदेशात म्हणे प्रत्येक लेखकाला एक नंबर देतात, नाव काहीही झालं तरी नंबर तोच. आमच्या प्रोग्राममध्ये तो रकाना नव्हता. असता तरी काय, मला नंबर नको होता. मला हे पाहिजे होतं की बाजारात भेंडीच्या ढिगाशेजारी उकिडवी बसून बायकांचं बोलणं जिनं लिहून घेतलं, तिचं नाव त्या लेखावर असावं, आणि ते नाव लग्नानंतरही माझंच असावं. दुसरी गोष्ट झाली नाही तर पहिलीला अर्थ नव्हता. मग तो लेख अशा एका मुलीचा झाला असता, जी कुठंच राहत नाही.

शनिवारी गावी गेले तेव्हा अण्णांपाशी विषय काढला. ते बैलाच्या दाव्याला नवी गाठ मारत होते.

"नाव बदललं म्हणून माणूस बदलतंय का?" ते म्हणाले. "तुझ्या आईचं बदललं. काय झालं?"

"आधीचं काय होतं?"

अण्णांनी गाठ ओढून बघितली. "ते तुझ्या मामाला माहीत."

आई चुलीपाशीच होती. तिनं ऐकलं असणार. तिनं चुलीत लाकूड सारलं, आणि मी तिला विचारायला धजले नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मग मी होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. ते कंपनीतून खोलीवर चालले होते. मागं गाड्यांचे आवाज होते.

"मला काही फरक पडत नाही," ते म्हणाले. "तू कोणत्याही नावाची ये."

"मग आहे त्याच नावाची येऊ द्या."

ते हसले. "अगं, आईला कोण सांगणार? आणि खरंच वहिनीचं तेच आहे ना. तू वहिनीशी बोल. तिनं हो म्हणलं तर आई ऐकेल."

त्यांनी वहिनीचा नंबर पाठवला. म्हणजे माझ्या होणाऱ्या जाऊबाईंचा, माझ्याच नावाच्या. तो मी मोबाइलमध्ये भरायला घेतला, आणि माझंच नाव टाकून पुढं 'पालम' लिहिलं.

जाऊबाईंनी फोन घेतला तेव्हा मागं कुकरची शिट्टी चालली होती. मी फार आडवळणानं बोलले. लेख, पत्रिका, फॉर्म, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर आपण दोघींनी एकाच नावानं राहावं का? तुम्ही मोठ्या, मी धाकटी. कुणाला काय अडचण आहे?"

"मला या नावानं कोण हाक मारतंय गं इथं?" त्या म्हणाल्या. "सासूबाई मोठी म्हणतेत. हे अगं म्हणतेत. लेकरं आई, आन् गल्लीतले लेकराच्या नावानं त्याची आई. नाव हाय ते फक्त आधारावर."

"मग चालेल तुम्हाला?"

"आन् एक सांगू का? हे माझंबी न्हाई. मलाबी हे तांदळातच गावलंय. माझं लग्नाच्या आधीचं येगळं होतं. त्यांना ते जुनाट वाटलं, म्हणून बदललं." कुकर बंद झाला. "तुझं नाव तू घेऊन ये बाई. मला माझं परत मिळालं तर लय बरं हुईल. मी बोलते सासूबाईला."

माझं नाव ज्या बाईमुळे जात होतं, ती ते नाव उतरवून ठेवायला तयार होती. इतकं सोपं होतं तर. त्या संध्याकाळी मी फॉर्मवर माझं नाव लिहिलं: माझं, अण्णांचं आणि आमचं आडनाव. पाठवला मात्र नाही. जाऊबाईंच्या फोनची वाट बघितली.

त्यांचा फोन आला नाही; सासूबाईंचाच आला. त्या रागावल्या नव्हत्या. समजावून सांगत होत्या, आणि तेच जास्त कठीण होतं.

"हे बघ पोरी, मोठीचं नाव आधारावर हाय, रेशनवर हाय, ब्यांकेत हाय. दोन्ही लेकरांच्या शाळेत आईचं नाव म्हणून तेच हाय. आता ते बदलायचं म्हणलं तर कुटं कुटं हिंडावं? जे चालू हाय ते चालू दे. तुझं अजून आमच्याकडं कुटंच लागलेलं न्हाई. तुझं बदलायला काय लागतंय?"

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तो माझाच नियम होता. ज्या नावाखाली नोंदी बसल्यात ते हलवायचं नाही. जाऊबाईंच्या नावाखाली एक अख्खं घर बसलेलं होतं. माझ्या नावाखाली एक लेख, तोही अजून न छापलेला. अशा दोन नोंदी माझ्यासमोर आल्या असत्या तर मी स्वतः कोणती राखली असती?

आठवडा संपत आला. सरांनी विभागात सगळ्यांसमोर विचारलं, "फॉर्म पाठवला का?" मी म्हणाले, पाठवते. मी दुसरा फॉर्म काढला आणि त्यावर नवीन नाव लिहून पाहिलं. सगळं स्वच्छ होतं, पुढं कुठं घोळ होणार नव्हता. ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग बाजारातल्या त्या आजीबाईंचा विचार आला, ज्यांचं बोलणं मी लेखात घेतलंय. मी लिहून घेत होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तू कुणाची गं?" आणि मी अण्णांचं नाव सांगितल्यावर त्या बोलायला लागल्या होत्या. नव्या नावाच्या बाईशी त्या बोलल्याच नव्हत्या.

मी पहिला फॉर्म पाठवला. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुझी मर्जी. पुढं निस्तरशील तेव्हा मला सांगू नको."

लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं नाव लिहिलं. फोटोवाला म्हणाला, "वहिनी, नावाकडं बघा." मी बघितलं. अक्षर चांगलं होतं यांचं. मग कुणीतरी ताट उचललं आणि तांदूळ एकत्र झाले.

परीक्षेपर्यंत मी पालमला राहायचं आणि कॉलेजला एस.टी.नं जायचं, असं ठरलं होतं. हळद फिकी व्हायच्या आत मी त्या मागच्या खोलीत परत आले. समितीची तारीख जवळ आली होती. मॅडमनी हिरव्या बांगड्यांकडं बघून "अगं बाई" म्हणलं, माझा पेढा खाल्ला आणि मग म्हणाल्या, "पत्रिकेनं तुझा लेख त्यांच्या वेबसाइटवर टाकलाय. सूचीत घ्यायला पाहिजे. विद्यार्थ्यांचं संशोधन म्हणून समितीला तेवढंच एक दाखवता येतं."

मी लेखाची नोंद भरली. शीर्षक, पत्रिका, पानं. मग लेखकाच्या रकान्यापाशी आले.

"मॅडम, हे लेखावर आहे तसंच राहू द्यायचं का?"

"तुझ्या एकटीसाठी नियम बदलू का? बाकीच्यांना आपण काय सांगायचं?"

बाकीच्यांना तर आपण काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या बापांना, भावांना विचारलं होतं, आणि त्यांचे लेख उचलून, ज्या नावांनी त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं त्या नावांखाली ठेवले होते. मीच ठेवले होते. आता स्वतःची पाळी आली म्हणून मागं सरायचं?

"सगळ्यांचंच बदललं तर?" मी विचारलं. "ज्या नावानं लिहिलं ते मान्य, आणि सासरचं नाव त्याच्याकडं बोट दाखवेल."

"समिती पुढच्या आठवड्यात आहे." मॅडमचा आवाज एकदम थकल्यासारखा आला. "तुला होत नसेल तर सरक. मी करते."

"नाही. करते मी."

मान्य नाव म्हणून मी नवीन नाव लिहिलं. जुनं नाव खाली टाकलं. शोधून बघितलं, बरोबर लागलं होतं. माझं नाव टाकलं की कॉम्प्युटर म्हणत होता, पाहा, आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव दाखवत होता. माझ्या हातचं काम होतं, त्यात चूक नव्हती.

समिती आली आणि गेली. त्यांनी सूची उघडून बघितली की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर एका शनिवारी पालमच्या घरी छापील अंक आला; फॉर्मवर पत्ता मी तिथलाच दिला होता. मी मागं कपडे वाळत घालत होते. पोस्टमननं दारात नाव वाचलं, माझं लग्नाआधीचं, आडनावासकट. सासूबाई म्हणाल्या, "ह्या नावाची मोठी हाय आमची, पण आडनाव आमचं न्हाई."

"पत्ता तर हाच हाय, काकू. घेता का, का परत करू?"

मी ओल्या हातानं पळत आले, पण माझ्याआधी जाऊबाई दारात पोचल्या. "द्या इकडं," त्या म्हणाल्या. "माझंच हाय." आणि पोस्टमननं दाखवलं तिथं त्यांनी सही केली.

सासूबाई हसायला लागल्या. "बघितलंस? म्हणूनच म्हणत होते. एका घरात एका नावाच्या दोघी नसाव्यात. उद्या एकीचं औषध दुसरी पिऊन बसंल." मग त्या दुकानात डबा घेऊन गेल्या.

जाऊबाईंनी पाकीट मला दिलं नाही. स्वतःच फोडलं, ओट्यावर बसून पानं उलटली आणि नाव सापडलं तिथं थांबल्या. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. त्यांनी विचारलं, तुझ्या त्या कॉम्प्युटरात अशी एकाच नावाची दोघं निघाली तर काय करतात? मी माशांच्या आणि अभंगांच्या सरांची गोष्ट सांगितली. दोघांचं नाव राहू देतात, आणि पुढं गाव नाही तर विषय लिहितात.

"मग माझ्यापुढं काय लिहशील?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्ही काही लिहिलेलं नाही ना. ज्यांचं लेखन आहे त्यांचीच नोंद होते."

"म्हंजे मी न्हाईच त्यात."

"नाही."

"बरंय," त्या म्हणाल्या. "ह्या नावानं नसलेलंच बरं." मग दाराकडं एकदा बघून त्यांनी मला त्यांचं आधीचं नाव सांगितलं. हळू सांगितलं, लहान मुलं वर्गात सांगतात तसं, बापाच्या नावासकट. ते जुनाट मुळीच नाही. मी ते कुठं लिहिलेलं नाही, इथंही लिहीत नाही, कारण त्यांना मी विचारलेलं नाही.

तेव्हापासून घरात दोघीच असलो की मी त्यांना त्या नावानं हाक मारते, पुढं ताई लावून. त्या मला माझ्या नावानं. जास्त काही नाही, पीठ दे, दार लाव, गाडी चुकंल, असंच. परवा सासूबाई अंगणात आहेत हे आमच्या लक्षात आलं नाही. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाला हाक मारायलीस गं?" त्यांनी मला विचारलं.

जाऊबाईंनी भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाल्या, "कुणाला न्हाई."